५६ केचा मोडेम आणि पुण्याची लाईन

डायलअपच्या काळात, म्हणजे मोडेमने (कॉम्प्युटरचा डेटा टेलिफोनच्या आवाजात बदलणाऱ्या यंत्राने) फोनचा नंबर फिरवून नेट जोडायच्या काळात, "नेट लागत नाही" या एका वाक्यात पाचसहा वेगवेगळे आजार लपलेले असायचे. त्यावरचे जे उपाय पुण्यात तोंडोतोंडी फिरले ते कुठून आले हे बघायचं तर मोडेमपेक्षा टेलिफोनच्या तारेकडे जास्त बघावं लागतं.

जुनं पटकन सांगतो. १९८१ साली अमेरिकेत ३०० बीपीएसचा (सेकंदाला ३०० बिटचा) एक मोडेम आला, त्याला एटीने सुरू होणाऱ्या कमांड द्यायच्या, पुढे बाकीच्यांनी तीच पद्धत उचलली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट चालू केलं, पण परवडायचं ते शेल अकाउंट, म्हणजे नुसती अक्षरं. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग कुठे घरोघरी मोडेमची किरकिर ऐकू यायला लागली.

पहिली अडचण डायल टोनची. एरर ६८०, नो डायल टोन. रिसीव्हर कानाला लावला तर टोन छान येतोय, मोडेम म्हणतो नाहीच. कारण साधं आहे, अमेरिकन टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून बनतो, आपला ४०० हर्ट्झचा आणि तोही २५ हर्ट्झने थरथरणारा, त्यामुळे तिकडच्या हिशोबाने बनवलेले कितीतरी मोडेम त्याला ओळखायचेच नाहीत. उपाय म्हणजे मोडेमला एटीएक्स३ ही टोनकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड द्यायची, किंवा विंडोजमध्ये "डायल टोनची वाट बघ" वरची टिक काढायची. तापकीर गल्लीत मोडेम घेतला की दुकानदार हे फुकट सांगायचा, बाकी काही सांगायचा नाही.

आता ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटचा वेग. यावर तेव्हा जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरच झाली नसतील. १९९७ मध्ये एक्स२ आणि के५६फ्लेक्स अशा दोन पद्धती एकमेकींशी न जुळणाऱ्या बाजारात आल्या, १९९८ मध्ये व्ही.९० हे सगळ्यांसाठी एकच मानक ठरलं आणि तो घोळ कागदावर मिटला. पण ५६ के चालायचं कधी, तर तुमच्या घरापासून नेटवाल्याच्या टोकापर्यंत सिग्नलचं ॲनालॉग-डिजिटल रूपांतर एकदाच होत असेल तेव्हा. मध्ये आणखी एकदा झालं की संपलं, मोडेम खाली ३३.६ केवर येणार. वर पाठवायचा वेग तर व्ही.९० मध्ये कायम ३३.६ पर्यंतच. हे खोक्यावर कोण लिहिणार?

वाद असा होता की मोडेमला मुद्दाम व्ही.३४ वर, म्हणजे ३३.६ केच्या जुन्या पद्धतीवर, बांधून ठेवायचं का नाही. एक गट म्हणायचा पैसे ५६ केचे दिलेत, कशाला सोडायचं. माझ्या मते दुसरा गट बरोबर होता. जुन्या वाड्यातली वायरिंग, भिंतीवर तीन ठिकाणी टेप मारलेले जॉइंट, त्यात जुलैत डीपी बॉक्समध्ये (घरोघरी जाणाऱ्या टेलिफोनच्या तारा जोडायच्या पेटीत) पाणी शिरलेलं, अशा लाईनवर मोडेम आधी ४५,३३३ ला जोडला जायचा आणि मग खरखर वाढली की रीट्रेन करायचा. रीट्रेन म्हणजे दोन्ही मोडेम पुन्हा सूर जुळवत बसणार, लाईन चालूच, दिवा चालूच, बिलही चालू, डेटा मात्र बंद. त्यापेक्षा ३१,२०० ला न हलता बसलेलं कनेक्शन डाउनलोड लवकर संपवायचं. पण स्क्रीनवर आकडा लहान दिसला की लोकांना फसवल्यासारखं वाटायचं, आणि त्याच स्क्रीनवर कधीकधी १,१५,२०० दिसायचं, जो नुसता कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या पोर्टचा वेग, त्यावर मात्र खुश.

तक्रार कुठे करायची हा वेगळा ताप. टेलिफोनवाले म्हणणार आवाज येतोय ना, मग लाईन ठीक. नेटवाले म्हणणार लाईन खराब. दुकानदार म्हणणार ड्रायव्हर टाका.

पुण्याचं खास म्हणजे एसटीडी कोड, बाहेरगावी फोन करताना आधी लावायचा गावाचा आकडा. ०२१२ जाऊन ०२० आला, नंबर सहा आकड्यांवरून वाढत आठवर गेले. विंडोजच्या डायलिंग प्रॉपर्टीजमध्ये एका ठिकाणी जुना कोड राहिला की मोडेम घरच्या घरी एसटीडी फिरवायचा, एसटीडीला लॉक असेल तर एरर आणि नसेल तर बिल. वळवाच्या पावसात विजेने मोडेमचं कार्ड जळायचं ते निराळंच, त्यामुळे ढग गडगडले की आधी टेलिफोनची पिन काढायची.

२००५ मध्ये सरकारी ब्रॉडबँड आलं तेही याच तांब्याच्या तारेवर. डायल करणं गेलं, ६८० गेला, पण पॅरलल फोनचा, म्हणजे त्याच लाईनवरच्या दुसऱ्या फोनचा, त्रास राहिला. आधी आईने आतल्या खोलीत रिसीव्हर उचलला की नेट तुटायचं, आता त्या फोनला फिल्टर (फोनचा आवाज आणि नेटचा सिग्नल वेगळा ठेवणारी डबी) लावला नसेल तर तुटायचं. आणि पाऊस पडला की लाईनमनची वाट बघणं होतंच, ते फायबर येईपर्यंत चालू राहिलं.