याची टोपी त्याच्या डोक्यावर

वसुलीच्या पैशांतली अफरातफर बहुधा एका लहान रकमेने सुरू होते. समजा, पहिल्या ग्राहकाने १०,००० रोख भरले. रोखपालाने ते खिशात घातले आणि खतावणीत, म्हणजे ग्राहकांच्या खात्यांच्या वहीत, नोंद केलीच नाही. आठवड्याने दुसऱ्या ग्राहकाचा १२,०००चा चेक आला. त्यातले १०,००० त्याने पहिल्याच्या खात्यावर जमा दाखवले, उरलेले २,००० दुसऱ्याच्या. पहिल्याचं खातं चोख झालं, पण दुसऱ्याच्या खात्यात १०,०००चा खड्डा पडला. तो तिसऱ्याच्या पैशांनी बुजवायचा. मधल्या काळात आणखी एखादी रक्कम उचलली की खड्डा वाढतो, आणि तो बुजवायला रोज जास्त मोठा भरणा लागतो.

या प्रकारात दिवसाची एकूण बेरीज नेहमी जुळते. बँकेत १२,००० गेले, खतावणीतही १२,००० जमा दिसतात. जुळत नाहीत ती नावं. म्हणून तपासणी करणाऱ्याने बेरजेवर समाधान मानू नये. बँकेत चेक भरतानाच्या स्लिपवर कोणाचा चेक, किती रकमेचा हे लिहिलेलं असतं. त्याच दिवशीच्या खतावणीतल्या नोंदींशी ते नावानिशी ताडून पाहावं. दुसरी खूण तारखांची. पावतीची तारीख आणि खात्यावर जमेची तारीख यांतलं अंतर सुरुवातीला दोन-तीन दिवसांचं असतं, पुढे ते आठवड्यांवर जातं. तिसरा मार्ग म्हणजे ग्राहकालाच त्याच्या बाकीची खातरजमा करणारं पत्र पाठवणं. मात्र ते पत्र रोखपालाच्या हातून जाता कामा नये आणि उत्तरही त्याच्याकडे येता कामा नये.

टोप्या फिरवणाऱ्याला रोज हजर राहावंच लागतं. एक दिवस दुसऱ्या कोणी नोंदी केल्या तर साखळी तुटते. वर्षानुवर्षं रजा न घेणारा, खतावणीला कोणाला हात लावू न देणारा कर्मचारी प्रामाणिकही असू शकतो, आणि नुसत्या कष्टाळूपणावरून कोणावर संशय घेणं अन्यायाचंच आहे. म्हणूनच अनेक बँका सलग दोन आठवड्यांची सक्तीची रजा सगळ्यांनाच लावतात. पण त्या काळात त्याचं काम दुसऱ्याने खरोखर करायला हवं. कागद टेबलावर तसेच पडून राहिले तर रजेचा काहीच उपयोग नाही.

यामागचं तत्त्व साधं आहे: पैसा हाताळणं, त्याची नोंद करणं, मंजुरी देणं आणि शेवटी बँकेशी ताळमेळ घालणं ही कामं एकाच माणसाकडे नसावीत. हे मोडलं की काय होतं, ते बेरिंग्ज बँकेत दिसलं. १७६२ साली स्थापन झालेल्या या ब्रिटिश बँकेच्या सिंगापूर शाखेत निक लीसन हा सौदेही करत होता आणि त्या सौद्यांची हिशेबपूर्तीही त्याच्याच देखरेखीखाली होती. तोटे तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला. १९९४ मध्ये अंतर्गत लेखापरीक्षणाने ही दोन्ही कामं वेगळी करा असं सुचवलं होतं. ते झालं नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक बुडाली तेव्हा तोटा सुमारे ८३ कोटी पौंडांचा होता. पुढे ती एक पौंडाच्या नाममात्र किमतीला विकली गेली.

पुरवठादारांच्या बिलांतला घोटाळा वेगळा. तिथे आकडे कल्पनेतून येतात, आणि कल्पनेतल्या आकड्यांची घडण निराळी असते. १८८१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांच्या लक्षात आलं, की मोठे गुणाकार सोपे करणाऱ्या लॉगॅरिदमच्या कोष्टकांची सुरुवातीची पानं, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, शेवटच्या पानांपेक्षा जास्त झिजलेली असतात. १९३८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी नद्यांच्या क्षेत्रफळांपासून लोकसंख्येपर्यंत २०,००० हून अधिक आकडे तपासून नियम पक्का केला: सुमारे ३०.१ टक्के आकडे १ ने सुरू होतात, १७.६ टक्के २ ने आणि ९ ने जेमतेम ४.६ टक्के. कारण वाढीत आहे. १०० वाढून २०० व्हायला दुप्पट व्हावं लागतं, ९०० पासून १००० मात्र ११ टक्के वाढीत गाठता येतं. त्यामुळे वाढणारी राशी १ च्या घरात सर्वाधिक काळ रेंगाळते. माणूस मनाने आकडे रचतो तेव्हा हे प्रमाण सहसा साधत नाही.

समजा, ५०,००० पासून पुढच्या बिलांना वरिष्ठांची सही लागते. मोठी खोटी खरेदी मग ४८,००० किंवा ४९,५०० अशा तुकड्यांत येते. बेनफर्डच्या नियमाप्रमाणे ४८ किंवा ४९ ने सुरू होणारी बिलं १०,००० मध्ये सुमारे १७७ असायला हवीत. ती ५०० निघाली तर ती बिलं बाहेर काढून पुरवठादाराचा पत्ता, बँक खातं आणि माल पोहोचल्याची पावती पाहावी. ही चाचणी जिथे-तिथे लावू नये. ठरावीक दराची तिकिटं, दूरध्वनी क्रमांक, ज्यांना किमान-कमाल मर्यादा आहे अशा रकमा यांना नियम लागूच पडत नाही. शंभर-दोनशे नोंदींतून तर काहीच सिद्ध होत नाही. विसंगती म्हणजे पुरावा नव्हे. कुठे पाहायचं एवढंच ती सांगते.

तरीही, गणितापेक्षा माणसंच जास्त पकडून देतात. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या घोटाळे तपासणाऱ्यांच्या संघटनेच्या २०२४च्या अहवालातली ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघड झाली. बाह्य लेखापरीक्षणातून फक्त ३ टक्के. खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारीच होते. असा कर्मचारी ज्या साहेबाविरुद्ध बोलणार, त्याच्याच टेबलावरून तक्रार जात असेल तर तो गप्प बसेल. तक्रारीची वाट थेट संचालक मंडळापर्यंत असायला हवी.

नुकसान चोरलेल्या रकमेवर थांबत नाही. नफा विक्रीच्या १० टक्के असेल तर गेलेले १ लाख भरून काढायला १० लाखांची जादा विक्री लागते. त्याहून मोठी किंमत निर्दोष माणसं मोजतात. एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्याच, शिवाय निवृत्तीसाठी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवलेली बचतही गेली. तिचं लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेकडे जगभर सुमारे ८५,००० लोक काम करत. न्यायात अडथळा आणल्याबद्दल २००२ मध्ये ही संस्था दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने रद्द केला, पण तोवर तिचा व्यवसाय संपला होता. देशाच्या हिशेबातही असंच घडतं. ग्रीसची २००९ची वित्तीय तूट आधी जीडीपीच्या ३.७ टक्के सांगितली गेली होती, २०१० मध्ये ती १५.४ टक्के निघाली. कर्ज देणाऱ्यांचा विश्वास उडाला आणि पुढची कपात सोसली निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांनी, ज्यांनी ते आकडे कधी लिहिलेच नव्हते.

संस्थेत संशय आला तर आधी जाब विचारू नये; कागद नाहीसे होतात. मूळ पावतीपुस्तकं ताब्यात घेऊन सीलबंद करावीत. संगणक स्वतः उघडून फाइली चाळल्या तर त्यांच्या तारखा बदलू शकतात, म्हणून डिस्कची प्रत तज्ज्ञाकडून घ्यावी. बँकेचा उतारा थेट बँकेकडून मागवावा, संशयिताने छापून दिलेला नव्हे. मग प्रत्येक पावती ज्याची त्याच्या खात्यावर, मूळ तारखेनिशी पुन्हा चढवावी. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते बरेचदा अर्धवट राहतं. तोवर तो दुसरा ग्राहक, ज्याने आपले १२,००० वेळेवर भरले होते, खतावणीत थकबाकीदारच दिसत राहतो.