तेलताडाचं रोप: निरोगी वेगळं, रोगप्रतिकारक वेगळं

रोपवाटिकेत वर्षभराचं, हिरवंगार, जाड बुंध्याचं तेलताडाचं (पामतेल देणाऱ्या झाडाचं) रोप दिसलं की ते रोगालाही चिवट असणार असं वाटतं. ही समजूत महागात पडते. हेक्टरी साधारण १४३ झाडं लागतात आणि बाग पंचवीस वर्षं उभी राहते. रोपाच्या दिसण्यावरून त्याचा जोम कळतो, वाढीतले दोष कळतात. मुळांवाटे शिरून खोड पोखरणाऱ्या बुरशीला ते दाद देईल का, हे मात्र नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. ते बुरशीची लागण करूनच तपासावं लागतं.

अशा बुरशी मुख्यतः दोन. आफ्रिकेत फ्युजेरियममुळे होणारा मर रोग आणि आग्नेय आशियात गॅनोडर्मामुळे होणारी बुंधाकूज. एकीला दाद न देणारं कूळ (एकाच आईबापाची भावंडं) दुसरीला सहज बळी पडू शकतं, म्हणून दोन्हींच्या चाचण्या स्वतंत्र होतात.

मर रोगाची चाचणी तुलनेनं सरळ आहे. रोपं तीन-चार महिन्यांची झाली की बुंध्याजवळची माती थोडी बाजूला सारतात आणि प्रत्येक रोपाला सुमारे २० मिलिलिटर बीजाणूंचं पाणी देतात. त्यात दर मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास बीजाणू असतात. साधारण पाच महिन्यांनी रोप उपटून बुंधा उभा चिरतात. निरोगी बुंधा आतून पांढरट दिसतो. रोग शिरलेला असेल तर पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या तपकिरी रेघा उठून दिसतात. पानं अजून हिरवी असतानाही या रेघा सापडतात, म्हणून बाहेरून बघून नोंद करणं पुरेसं नाही.

चिरलेलं रोप लावता येत नाही, हे उघडच आहे. त्यामुळे निवड होते ती रोपाची नव्हे, कुळाची. एका मादी झाडावर एका ठरावीक नर झाडाचे परागकण टाकून मिळालेलं बी म्हणजे एक कूळ. त्यातली काही डझन ते शंभरेक भावंडं चाचणीत खर्ची पडतात आणि त्यांच्या निकालावरून बाकीच्या बियांचं मोल ठरतं. समजा, चाचणीतल्या सगळ्या कुळांची रोगट रोपांची सरासरी ३० टक्के आली. एका कुळात १८ टक्के रोपं रोगट निघाली, तर सरासरीला १०० धरून त्याचा निर्देशांक ६०; ४५ टक्के निघाली तर १५०. शंभराच्या जितकं खाली, तितकं कूळ चिवट. शून्याची अपेक्षा धरू नये. इथली प्रतिकारशक्ती अंशतः असते, आणि ‘शंभर टक्के रोगमुक्त’ म्हणून विकलं जाणारं बी संशयानंच बघावं.

गॅनोडर्माची चाचणी जास्त वेळखाऊ. ही बुरशी लाकडावर पोसते, त्यामुळे तिला शिदोरी द्यावी लागते. रबराच्या झाडाच्या लाकडाचे सहा सेंटीमीटर बाजूचे ठोकळे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्यांवर बुरशी दोन-तीन महिने वाढू देतात. पांढऱ्या जाळीनं पूर्ण वेढलेला ठोकळा पिशवीतल्या मातीत ठेवून त्यावर अंकुरलेलं बी बसवतात. पुढच्या सहा-आठ महिन्यांत पानं पिवळी पडतात, बुंध्याशी बुरशीची पांढरी बटणं येतात. शेवटी इथेही बुंधा चिरूनच नोंद होते.

या चाचणीत सगळ्यात जास्त फसवतं ते ऊन. पिशव्या उघड्यावर असतील तर दुपारी माती इतकी तापते की बुरशीच मंदावते किंवा मरते. मग सगळी कुळं ‘प्रतिकारक’ ठरतात! सावली, ओलावा आणि एकसारखे ठोकळे ही पूर्वअट आहे. हिरवी बुरशी चढलेला ठोकळा लगेच बाद करावा. रोपाचं मूळ ठोकळ्यापर्यंत पोचलंच नाही तर रोप वाचतं, पण ते केवळ योगायोगानं. म्हणून प्रत्येक कुळाची रोपं अनेक गटांत विखरून ठेवतात आणि सोबत एक हमखास बळी पडणारं कूळ लावतात. तेच निरोगी राहिलं तर चाचणी रद्द.

चिवट कुळं शोधायची तर जनुकीय विविधता हवी, आणि तिथेच अडचण आहे. १८४८ मध्ये इंडोनेशियातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात तेलताडाची चार झाडं लावली गेली. जगभरच्या बियाणं उत्पादनात मादी म्हणून वापरली जाणारी ‘डेली’ झाडं बव्हंशी त्यांची वंशज आहेत. गॅनोडर्माच्या चाचण्यांत या डेलीपेक्षा आफ्रिकी मूळ असलेली अनेक कुळं सरस ठरली आहेत. त्यामुळे नवी आफ्रिकी झाडं पैदाशीत आणण्याला फार महत्त्व आहे.

उत्पादकाच्या रोपवाटिकेतली निवड यानंतर येते आणि तिचं काम वेगळं असतं. पहिली छाटणी तीन महिन्यांनी, लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत नेताना. पुढच्या छाटण्या मोठ्या पिशवीत आणि शेवटची शेतात नेताना. गवतासारखी अरुंद पानं, पिळवटलेली किंवा एकमेकांना चिकटलेली पानं, बरोबरीच्या रोपांची पानं फाटून पर्णिका सुटल्या तरी अखंडच राहिलेली पानं, वरून कापल्यासारखा सपाट शेंडा: अशी रोपं काढून टाकायची. सगळ्या टप्प्यांत मिळून वीस-पंचवीस टक्के रोपं बाद झाली तर हळहळू नये. मात्र आधी वाफा नीट बघावा. दोषी रोपं इतस्ततः विखुरलेली असतील तर दोष बहुधा बियाण्यात असतो; एकाच कोपऱ्यात दाटली असतील तर पाणी, सावली किंवा खत तपासावं. मोठ्या पिशव्यांत सुमारे ९० सेंटीमीटरचं त्रिकोणी अंतर नसेल तर चांगली रोपंही उंच, लुकडी होतात.

पानांवरच्या कर्व्हुलारियाच्या ठिपक्यांवरून बुंधाकुजीबद्दल काहीही ठरवू नये. ती पानांवरची बुरशी आहे, पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरते. रोगट पानं काढावीत, पाणी सकाळी द्यावं, अंतर वाढवावं. फार माखलेलं रोप जाळावं.

बी घेताना विचारायचं ते असं: चाचणी कोणत्या रोगाची, कुठल्या बुरशीच्या वाणावर, निर्देशांक किती, आणि बळी पडणाऱ्या कुळाचा निकाल काय होता. रोपवाटिकेत कुळाची चिठ्ठी शेवटपर्यंत पिशवीसोबत राहिली पाहिजे. ती हरवली की ही सगळी माहिती निरुपयोगी ठरते. आणि जुन्या तेलताडाच्या जागी नवी लागवड असेल, तर चांगल्या कुळाची रोपं असली तरी जुने बुंधे मुळांसकट खणून, तुकडे करून पसरावेच लागतात. गॅनोडर्मा त्यांच्यातच पुढच्या पिकाची वाट बघत असतो.