उन्हाला उशीर करणारी भिंत

उन्हाळा लागला की एक मेसेज हमखास फिरतो: जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घालत, म्हणून ते वाडे ‘नैसर्गिक एसी’ होते. चुन्यात अशा गोष्टी घालत हे खरं, पण ते चुना चिवट व्हावा म्हणून. गारवा गुळाचा नव्हे. वास्तुशास्त्रवाले सांगतात त्या ईशान्य कोपऱ्याचा तर मुळीच नव्हे.

छत्रपती संभाजीनगरचा सोनेरी महाल बघा. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेल्या पहाडसिंग या बुंदेला सरदारानं १७व्या शतकात तो बांधला. नाव पडलं आतल्या सोनेरी चित्रकामावरून. दुमजली बांधकाम दगड-चुन्याचं, आणि माझा जीव अडकलाय तो त्या जाड भिंतींत.

ऊन भिंतीत लाटेसारखं शिरतं. दुपारी बाहेरचा पृष्ठभाग तापतो, रात्री निवतो. ही २४ तासांची लाट आत सरकताना दोन गोष्टी होतात. ती विरते आणि तिला उशीर होतो. काळ्या पाषाणात साधारण दर १५ सेंटिमीटरला लाटेची उंची ३७ टक्क्यांवर येते आणि वेळ जातो २४ भागिले २π, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास. आता दोन फुटी भिंत घ्या, म्हणजे असे चार टप्पे. ०.३७चा चौथा घात काढला तर उरतात जेमतेम २ टक्के. बाहेरचा दगड सरासरीच्या २० अंश वर गेला, तरी आत अर्धा अंशही चढत नाही. आणि दुपारी तीनची धग आतल्या बाजूला पोचते पहाटे सहाला! हिशेब ढोबळ आहे, वारा-खिडक्या धरलेल्या नाहीत. शिवाय भिंत सरासरी तापमान कमी करत नाही, फक्त चढउतार सपाट करते. सरासरी उतरवायला रात्री दारं-झरोके उघडून गार वारा आत घ्यावाच लागतो.

आपला पाच इंची स्लॅब म्हणजे एकच टप्पा, तोही अपुरा. तीन-सव्वातीन तासांत ऊन खाली हजर. संध्याकाळी पंखा लावला की गरम वारा लागतो, तो त्यामुळे.

गावाकडच्या देशमुखी वाड्यांचं माळवद, म्हणजे सपाट छप्पर, मातीचं. मातीत हा टप्पा आणखी लहान, सुमारे १२ सेंटिमीटर. फूटभर माळवदातून दुपारची धग खाली उतरते मध्यरात्रीनंतर. तोवर अख्खं घर अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेलं असतं.

पण जाड भिंती-माळवदांचं हेच वजन ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, भूकंपात, किल्लारी परिसरात माणसांवर कोसळलं. इमारतीला बसणारा भूकंपाचा हिसका वस्तुमानाच्या पटीत असतो, आणि तिथल्या भिंती म्हणजे मातीत रचलेले ओबडधोबड दगड. काही घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचे खण उभे राहिले, माळवद डोक्यावर घेऊन.