सदाफुली, यकृत आणि एचआयव्हीतला लिम्फोमा

सोलापूरच्या उन्हात सदाफुली अंगणोअंगणी तग धरून असते. ‘रोज तिची दोन पाने चावा, कॅन्सर पळेल’ हा व्हॉट्सॲपवरचा संदेश परवा पुन्हा आला. कृपया असे काही करू नका. व्हिन्क्रिस्टीन हे लिम्फोमावरचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवरचे, औषध सदाफुलीतूनच मिळाले, हे खरे. पण पानात ते अत्यल्प असते, सोबत इतर विषारी द्रव्ये असतात, आणि शुद्ध औषधसुद्धा मिलिग्रॅममध्ये मोजून थेट शिरेतच द्यावे लागते.

पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढायला ट्युब्युलिन या प्रथिनाचे धागे लागतात. व्हिन्क्रिस्टीन ट्युब्युलिनला चिकटते आणि धागा जुळूच देत नाही. मागावर सूतच चढले नाही तर चादर कुठून होणार? लिम्फोमाच्या भराभर वाढणाऱ्या पेशी तिथेच अडकून मरतात. पण मज्जातंतूंतही हेच धागे असतात. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंतची मालवाहतूक त्यांच्यावरून चालते. म्हणून औषध जास्त झाले की बोटे बधिर होतात, आतडी मंदावतात.

रुग्णाला एचआयव्ही असेल तर खरा पेच यकृतात पडतो. व्हिन्क्रिस्टीनचा निचरा करणारे सीवायपी३ए हे विकर (एन्झाइम) रिटोनाविर अडवते. रिटोनाविर देतात तेच मुळी सोबतचे एचआयव्हीचे औषध रक्तात टिकावे म्हणून! मग व्हिन्क्रिस्टीनही रेंगाळते आणि कागदावर बरोबर असलेली मात्रा शरीरात जास्त ठरते. इफाविरेन्झ हे एचआयव्हीचे औषध उलट या विकराचा जोर वाढवते. झिडोव्हुडीन हे एचआयव्हीचेच दुसरे औषध अस्थिमज्जा दडपते, आणि केमोही तेच करते. एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांतून आता मिळणाऱ्या गोळीतले डोल्युटेग्राविर मात्र या विकराच्या वाटेला फारसे जात नाही.

‘एचआयव्हीवाल्याला केमो झेपत नाही’ हा समज त्यामुळेच जुना झाला आहे. पण चांगल्या औषधात आणखी एक चांगले औषध मिसळले की काम झाले, असेही नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत लिम्फोमावरच्या चॉप या अनेक औषधांच्या केमोला रिटुक्सिमॅब या प्रतिपिंड-औषधाची जोड दिली. त्या गटात संसर्गाने १४ टक्के रुग्ण दगावले, नुसत्या चॉपच्या गटात २ टक्के. बहुतेक मृत्यू सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा ५० च्या खाली गेलेल्यांचे होते. रिटुक्सिमॅब त्यामुळे बाद झाले नाही. पुढच्या चाचण्यांत ते ईपॉक या दुसऱ्या केमोबरोबर दिले गेले. ईपॉकमध्ये व्हिन्क्रिस्टीनसह तीन औषधे सलग ९६ तास थेंबथेंब सोडतात आणि त्यातल्याच सायक्लोफॉस्फामाइड या औषधाची सुरुवातीची मात्रा रुग्णाच्या सीडी४ आकड्यावर ठरवतात.