कॉलेजची पोरं, कुष्ठरोग आणि 2005 ची ती घोषणा: थोडी पार्श्वभूमी

कॉलेजच्या पोरापोरींना कुष्ठरोगाबद्दल काय माहितीये याचे सर्व्हे आपल्याकडे अधूनमधून निघतात आणि निकाल बहुतेक वेळा ठरलेला असतो. जंतूमुळे होतो, गोळ्यांनी बरा होतो, इथपर्यंत उत्तरं बरोबर. मग विचारलं की बरा झालेल्या माणसाच्या पंगतीला बसाल का, त्या घरात सोयरीक कराल का, की गाडी अडली. लगेच आजच्या पिढीच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात होते, पण या पिढीला हे कोण आणि कुठे सांगणार होतं हे कुणी विचारत नाही.

जुनं थोडक्यात आटपतो. 1898 चा कायदा भीक मागणाऱ्या रोग्यांना उचलून डांबायचा, मग डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं, 1955 पासून सरकारी कार्यक्रम, 1983 नंतर हळूहळू एमडीटी, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र द्यायचा कोर्स. त्या काळात कुष्ठरोगाचा वेगळा कर्मचारी असायचा आणि तो घरोघर, शाळाशाळांत फिरायचा. वर्गात पोरांचे शर्ट काढायला लावून पाठी बघायचा, फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखव म्हणायचं. न खाजणारा न दुखणारा बधिर चट्टा ही कुष्ठरोगाची खूण, हे अख्ख्या वर्गाला तिथल्या तिथे कळायचं.

आता मुख्य भानगड. 1991 मध्ये जागतिक पातळीवर ठरलं की 2000 पर्यंत दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण आणायचे, ते जमलं की हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं म्हणायचं. आपण ती तारीख चुकवली, डिसेंबर 2005 मध्ये आकडा गाठला आणि तशी घोषणा झाली. पण हा आकडा मोजतो काय, तर त्या दिवशी ज्यांचे उपचार चालू आहेत तेवढेच. कोर्स संपला की रजिस्टरमधून नाव कट, मग बोटं वाकडी झालेली असोत की पायाला जखम असो. त्यातच जास्त चट्टेवाल्यांचा कोर्स 24 महिन्यांवरून 12 वर आला होता, म्हणजे नवीन पेशंट तेवढेच आले तरी रजिस्टर आपोआप बारीक होणार. आणि घरोघर शोधणंही थांबत गेलं, 2003 ला साडेतीन लाखांच्या वर नवे रुग्ण सापडले होते ते 2006 ला 1 लाख 40 हजारांच्या आत आले. ज्या रोगाची लक्षणं दिसायला सरासरी 5 वर्षं लागतात, कधी कधी 20, तो तीन वर्षांत असा निम्म्याहून खाली कसा येईल? शोधणारे कमी झाले, हेच त्यातलं मोठं कारण असं माझं मत. दुसरी बाजूही आहे म्हणा. एमडीटीने आपल्याकडे कोटीच्या वर लोक खरंच बरे झाले आणि डोक्यावर टार्गेट नसतं तर एवढा पैसा, एवढी माणसं कुणी लावलीच नसती असं त्या निर्णयाच्या बाजूचे लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे.

पण घोषणेचा परिणाम असा झाला की ‘कुष्ठरोग गेला’ हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, जाहिराती आटल्या. आज जे एफवाय-एसवायला आहेत ते या शांततेत जन्मले आणि वाढले, त्यांच्या वाट्याला उरला तो पुस्तकातला एक परिच्छेद, 30 जानेवारीला कुष्ठरोग दिनाची प्रतिज्ञा आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेला ‘महारोग’.

इकडे रोग होताच. पुढची दहा वर्षं दरसाल सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण, जगातले निम्म्याहून जास्त. म्हणून 2016 ला परत घरोघर शोधमोहीम, 2017 पासून ‘स्पर्श’ हे जनजागृतीचं अभियान. 2020 ला कोविडमुळे आकडा 65 हजारांपर्यंत खाली आला, 2022 ला परत लाखापार.

कायद्याचं तर विचारूच नका. 1898 चा कायदा रद्द झाला 2016 ला. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरुग्णाला नगरपालिकेची निवडणूक लढवायला मनाई करणारी ओडिशातली तरतूद कायम ठेवली. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग होता तो 2019 पर्यंत, म्हणजे त्याआधी एलएलबी केलेल्यांनी तो परीक्षेत मार्कांसाठी लिहिलाय. मग सोयरिकीच्या प्रश्नाला पोरं नाही म्हणतात याचं नवल कसलं.

सध्या 2027 पर्यंत प्रसार थांबवायचं ठरलंय, त्यासाठी रुग्णाच्या निकटच्या लोकांना रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस देतात. हॉस्टेलचा रूममेटही त्या निकटच्यांत मोडतो, पण त्याला डोस द्यायचा तर रुग्णाचं नाव कळणार, आणि नाव कळू द्यायला आधी रुग्णाची संमती लागते. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तयार करताना आशाताई अजून घरी जाऊन बोलू तरी शकते, हॉस्टेलमध्ये हे बोलायला कोण जातं?