एचबीओ आणि एएमसी: दोन्ही केबलच, पण पैसे कोण देतं?

‘ब्रेकिंग बॅड’ आणि ‘मॅड मेन’ या मालिका एचबीओच्या, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. दोन्ही एएमसीच्या आहेत. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दर्जा त्याच तोडीचा आणि अमेरिकेत दोन्ही वाहिन्या केबलवरूनच घरात येतात. फरक आहे तो पैसे कोण देतं याचा. माझ्या मते मालिकेची घडणही तिथेच ठरते.

एचबीओ ही प्रीमियम केबल. ८ नोव्हेंबर १९७२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी इथे ती सुरू झाली. नेहमीच्या केबल बिलावर तिचे वेगळे पैसे भरायचे, तरच ती दिसणार. मध्ये जाहिरात मात्र एकही नाही. हे वेगळे पैसे काहींना चांगलेच खुपले. १९८६च्या सुरुवातीला वाहिनीने आपला सिग्नल स्क्रॅम्बल केला, म्हणजे पैसे न भरणाऱ्यांना चित्र दिसू नये अशी सोय केली, तेव्हा घरच्या डिशवर तो सिग्नल थेट पकडून फुकट बघणारे भडकले. २७ एप्रिलला मध्यरात्रीनंतर ‘कॅप्टन मिडनाइट’ नाव घेतलेल्या एकाने चालू सिनेमावर आपला सिग्नल चढवला आणि महिन्याला १२.९५ डॉलर देणार नाही, असा निरोप साडेचार मिनिटं पडद्यावर झळकवला.

एएमसी ही बेसिक केबल, म्हणजे पॅकेजमध्येच येणारी. केबल कंपनी दर ग्राहकामागे तिला ठरावीक रक्कम देते आणि उरलेली कमाई जाहिरातींची.

आता याचा लिखाणावर होणारा परिणाम बघा. एचबीओवरचा ‘द सोप्रानोज’चा भाग पन्नास मिनिटांचा असो की तासाचा, गोष्ट संपेल तिथे तो संपतो. ‘ब्रेकिंग बॅड’च्या लेखकांना मात्र दर थोड्या वेळाने ब्रेक येणार हे धरूनच प्रसंग रचावे लागले: काहीतरी अडकवून ठेवायचं, पडदा काळा, मग जाहिरात. ती मालिका इतकी घट्ट विणलेली वाटते, त्यात या सक्तीचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. ‘मॅड मेन’ला हीच सक्ती जाचली. २०११ मध्ये वाहिनीला जाहिरातींसाठी प्रत्येक भागातून दोन मिनिटं हवी होती आणि निर्माते मॅथ्यू वाइनर अडून बसले. पाचवा सीझन यायला मार्च २०१२ उजाडला. हे वाइनर आधी ‘द सोप्रानोज’चेच लेखक होते, हे विशेष.

शिव्या आणि नग्नतेचंही तसंच. अमेरिकेत असं काही कुठल्या वेळेत दाखवायचं नाही याचे सरकारी नियम अँटेनावरून दिसणाऱ्या वाहिन्यांना लागू आहेत, केबलला नाहीत. तरी एएमसीवर ‘ब्रेकिंग बॅड’मधली मोठी शिवी आली की आवाज गायब व्हायचा. सरकारने हात बांधले नव्हते. जाहिरातदार नाराज होण्याची धास्ती होती.

आपला गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. भारतात २००० ते २०२० एचबीओ दिसायची ती इतर इंग्रजी सिनेमा वाहिन्यांसारखी, जाहिराती आणि कात्रीसकट. शिवाय आपल्याकडच्या ‘पे चॅनल’लाही पैसे मोजून जाहिराती बघाव्या लागतातच. त्यामुळे जाहिरातीविना चालणारी केबल वाहिनी आपल्या डोळ्यांसमोर सहसा येतच नाही.

आता ओटीटीवर दोन्हीकडच्या जुन्या मालिका शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. ओळखायचं असेल तर सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं नीट बघा. ऐन ताणाच्या क्षणी पडदा काळा झाला आणि जाहिरात न येताच गोष्ट पुढे सुरू झाली, तर ती बहुधा एचबीओची नाही.