विमा मिळाला आणि खर्च वाढला

२००८ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने गरिबांच्या आरोग्य विम्यासाठी सोडत काढली. मेडिकेड या सरकारी योजनेत राज्याला सुमारे १० हजार जणांनाच घेता येणार होतं आणि नावं आली जवळपास ९० हजार. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांचं वाईट वाटतं. पण या सोडतीमुळे एक जुना प्रश्न सोडवता आला. एरवी विमा असलेल्यांची नसलेल्यांशी तुलना करून फारसं काही कळत नाही, कारण ही माणसं मुळातच वेगळी असतात. कुणी जास्त आजारी, कुणी जास्त कमावणारा. इथे मात्र फरक होता तो फक्त नशिबाचा.

एमी फिंकेलस्टाइन आणि कॅथरिन बेकर या अर्थतज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह या लोकांचा माग ठेवला. विमा मिळाला की लोक वेळीच दवाखान्यात जातील, तातडीच्या विभागातली गर्दी ओसरेल आणि पैसा वाचेल, अशी अनेकांची अटकळ होती. पोर्टलँड परिसरातल्या रुग्णालयांच्या नोंदी उलटंच सांगत होत्या. दीड वर्षात तातडीच्या विभागातल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या होत्या. डॉक्टरांच्या भेटी, औषधं, सगळंच वाढलं. वर्षाचा खर्च माणशी ११७२ डॉलरने, म्हणजे सुमारे ३५ टक्क्यांनी चढला. मला यात नवल वाटत नाही. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने तातडीच्या विभागातून कुणालाही न तपासता परत पाठवता येत नाही, पण बिल नंतर घरी येतंच. त्या बिलाच्या धाकाने जे दुखणं अंगावर काढलं जात होतं, तेच आता बाहेर पडलं.

मग तब्येत सुधारली का? दोन वर्षांनी सुमारे १२ हजार जणांना भेटून त्यांचा रक्तदाब मोजला, बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठाम म्हणता येईल असा फरक सापडला नाही. नैराश्य मात्र जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालं आणि उपचारापायी कंबरडं मोडणारा खर्च तर जवळजवळ नाहीसाच झाला. यावरून विमा वाया गेला असं म्हणणारे तेव्हा बरेच होते. कर्जाच्या काळजीशिवाय लागलेली झोप त्यांनी हिशेबात धरली नाही, असं मला वाटतं.

पुढे २०१०चा आरोग्य सुधारणा कायदा आला. त्याच्या मुख्य तरतुदी २०१४पासून लागू झाल्या आणि २०१६पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे २ कोटींनी घटली. विमा न घेणाऱ्यांना दंड होता. तो भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांना पत्र पाठवायचं कर खात्याने ठरवलं. मजकूर साधाच होता: विमा नसेल तर दंड बसतो आणि विमा अमुक ठिकाणी मिळेल. पैसे पुरेनात, म्हणून ३९ लाख घरांनाच पत्रं गेली. उरलेली घरं कुठली, हेही सोडतीसारखंच ठरलं.

पत्र न मिळालेल्यांच्या तुलनेत पत्र मिळालेल्यांपैकी जास्त जणांनी विमा घेतला. पुढच्या दोन वर्षांत ४५ ते ६४ वयोगटात दर १६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी झाला. ऑरेगनच्या काही हजार माणसांत एवढा बारीक फरक दिसणं शक्यच नव्हतं. तो दिसायला लाखो पत्रं लागली.